चित्रकाव्य की ध्वनी? : १४२८५७ या संख्येची समीक्षा

साहित्याच्या अभ्यासकाने एखाद्या संख्येची समीक्षा लिहावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. म्हणून आधी कारण सांगतो. 'गणितातल्या गमती' या सदरात मोडणारे लेखन मराठीत बरेच आहे. शालेय मासिके, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि अलीकडे मोबाईलवर फिरणारे मजकूर यांतून ते घरोघर पोचते आणि आवडीने वाचले जाते. त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. या लेखनाजवळ 'अद्भुत' हे एकच विशेषण असते आणि ते सगळ्या संख्यांना सारखेच लावले जाते. दहा कविता समोर ठेवून 'दहाही अद्भुत आहेत' एवढेच म्हणणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही. संख्यांच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर आपले समाधान होते.

या निबंधात मी १४२८५७ ही एकच संख्या घेतली आहे. तिच्या नावावर सांगितले जाणारे गुण एकेक करून तपासायचे, त्यांतला खोल कोणता आणि केवळ योगायोगाचा कोणता हे ओळखण्यासाठी निकष शोधायचा, आणि मग त्या निकषावर देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या कामाकडे पाहायचे, असा बेत आहे. कापरेकरांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्यासारख्या संख्याप्रेमींवर जो मूलभूत आक्षेप आहे, त्याला उत्तर देण्याची तसदी मात्र आपण फारशी घेतलेली नाही.

संहिता

समीक्षेची सुरुवात संहितेपासून व्हावी. १४२८५७ ला २ ने गुणले तर २८५७१४ येतात. ३ ने गुणले तर ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. प्रत्येक वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात निराळ्या ठिकाणी. सहा गडी रिंगण धरून उभे आहेत आणि दर वेळी मोजणी वेगळ्या गड्यापासून सुरू होते, असा हा प्रकार आहे. ७ ने गुणले की रिंगण मोडते आणि उत्तर येते ९९९९९९.

संख्येचे दोन तुकडे करून मिळवा : १४२ + ८५७ = ९९९. तीन तुकडे करून मिळवा : १४ + २८ + ५७ = ९९. आता वर्ग करा. उत्तर २०४०८१२२४४९. त्याचे शेवटचे सहा अंक वेगळे काढून उरलेल्या पाच अंकांत मिळवले, की २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. मूळ संख्या परत हजर.

एवढे वाचून मनात जे उमटते त्याला आपल्या काव्यशास्त्रात 'चमत्कार' असाच शब्द आहे. तिथे त्याचा अर्थ जादू असा नाही. आस्वाद घेताना चित्त विस्फारते, त्या अनुभवाचे ते नाव आहे. पुढचा सगळा प्रश्न या शब्दाच्या दोन अर्थांमधल्या अंतराचा आहे.

दोन टोके

या संख्येला आजवर दोन प्रकारचे वाचक मिळाले. पहिल्या प्रकारच्या वाचकांना तिच्यात गूढ दिसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुर्जिएफ या साधकाने वर्तुळावर नऊ बिंदू घेऊन एक आकृती मांडली. तिच्यातली सहा बिंदूंना जोडणारी रेघ १-४-२-८-५-७ याच क्रमाने फिरते. उस्पेन्स्कीच्या १९४९ साली निघालेल्या ग्रंथामुळे ती जगभर पसरली. आपल्याकडे मोबाईलवर याच संख्येचा पिरॅमिडांशी संबंध जोडणारा मजकूर फिरत असतो आणि जुन्या शहरातल्या आमच्या वाचनाच्या बैठकीतही तो एकदा मोठ्या भक्तिभावाने वाचला गेला. भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'वैदिक मॅथेमॅटिक्स' या पुस्तकात एक सप्तमांशाचे दशांश रूप झटपट काढण्याच्या रीती आहेत. रीती बरोबर आहेत आणि चतुरही आहेत. त्यांचा अथर्ववेदाशी जोडलेला संबंध मात्र अभ्यासकांना मान्य झालेला नाही. या सगळ्या वाचनांत एक समान खोट आहे. संख्येचे वागणे कशामुळे घडते हे विचारायच्या ठिकाणी ती कुठून 'आली' याची कथा सांगितली जाते आणि कथा ऐकून वाचक थांबतो.

दुसरे टोक तुच्छतेचे आहे आणि त्याचा प्रवक्ता मोठा आहे. रामानुजनांना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दोन उदाहरणे दिली आहेत. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात (८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९). तसेच एक वगळता १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या चारच संख्या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असतात. हार्डींचा निर्वाळा असा, की अशी तथ्ये कोड्यांच्या सदराला शोभतील, हौशी लोकांना रिझवतील, पण गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नाही. कारण त्यांच्या सिद्धतेतून पुढे काहीच निघत नाही.

हा आक्षेप कापरेकरांवर केलेला नाही. पण त्यांनी हयातभर जे केले, त्या सगळ्यावर तो लागू करता येतो आणि तसा केलाही जातो.

मम्मटाचा निकष

हार्डींची ही वर्गवारी वाचताना मराठी वाचकाला 'काव्यप्रकाश' आठवायला हरकत नाही. मम्मटाने काव्याचे तीन प्रकार केले. ज्यात वाच्य अर्थापेक्षा व्यंग्य अर्थ वरचढ तो ध्वनी, म्हणजे उत्तम. व्यंग्य आहे पण गौण, तो मध्यम. आणि ज्यात शब्दांची वा अर्थाची केवळ कारागिरी आहे, ते चित्रकाव्य, म्हणजे अवर. उलटसुलट सारखाच वाचला जाणारा श्लोक, कोणत्याही बाजूने वाचावा असा सर्वतोभद्र बंध, ही सगळी चित्रकाव्ये. भारवीने 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या आणि माघाने 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात असे बंध रचले आहेत. त्यांना लागणारी बुद्धी मोठी आहे, हे कोणीच नाकारत नाही. तक्रार एवढीच, की बंध उलगडला की वाचकाच्या हाती आणखी काही लागत नाही.

हार्डी आणि मम्मट यांचा निकष थोडक्यात एकच आहे : हे मला याच्या पलीकडे कुठे नेते का? निकष योग्य आहे, असे माझे मत आहे. मात्र तो संपूर्ण संख्येला एकदम लावण्यात चूक आहे. मम्मट 'माघ अधम' असे म्हणत नाही, तो एकेका श्लोकाची जात सांगतो. तसेच एका संख्येच्या अंगचे सगळे गुण एका जातीचे नसतात. तेव्हा १४२८५७ चे गुण वेगवेगळे काढून पाहू.

गुणांची निवड

सगळ्याचे मूळ एका साध्या भागाकारात आहे. १ ला ७ ने भागायला घ्या. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठदा, बाकी ४. ४० मध्ये पाचदा, बाकी ५. ५० मध्ये सातदा, बाकी १. पुन्हा १ आला, म्हणून चक्र पहिल्यापासून सुरू. भागाकारात आलेले अंक १, ४, २, ८, ५, ७ आणि बाक्या १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात आणि इथे त्या सहाही एकाच फेरीत येऊन जातात.

मग २ ला ७ ने भागले तर काय होईल? चक्र तेच, फक्त आपण २ या बाकीच्या ठिकाणी शिरलो. म्हणून अंक येतात २, ८, ५, ७, १, ४. सहाही पटींचे रिंगण असे एका वाक्यात उलगडते. उलगडल्यावर त्यातली गोडी कमी होते का? मला उलट अनुभव येतो. आधी सहा वेगवेगळी नवले होती, आता त्यांच्या मागे एकच कारण उभे आहे.

आता १४२ + ८५७ = ९९९ हे घ्या. बाक्यांची यादी मधोमध तोडा : १, ३, २ आणि ६, ४, ५. वरखाली मांडल्या तर १ + ६, ३ + ४, २ + ५, प्रत्येक जोडीची बेरीज ७. बाक्या एकमेकींच्या पूरक आहेत म्हणून अंकही पूरक आहेत : १ + ८, ४ + ५, २ + ७, प्रत्येकी ९. ही गोष्ट फक्त सातपुरती नाही. कोणत्याही मूळ संख्येच्या व्यस्ताचे दशांश आवर्त सम लांबीचे असेल, तर त्याच्या दोन अर्ध्यांची बेरीज नऊनऊच येते. मिडी नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने हा नियम १८३६ साली प्रसिद्ध केला. १/१३ चे आवर्त ०७६९२३ आहे, करून पाहा : ०७६ + ९२३ = ९९९. म्हणजे हा गुण आपल्याला सातच्या पलीकडे नेतो. तो ध्वनीच्या बाजूचा.

वर्गाच्या नवलाचे काय? ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते, तिला आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, हे त्याचे लहान उदाहरण. सहा अंकी कापरेकर संख्यांत सर्वांत लहान आपली १४२८५७ आहे. यामागचे कारण असे. १४२८५७ मधून १ वजा केला तर १४२८५६ उरतात आणि त्याला ७ ने नि:शेष भाग जातो, भागाकार २०४०८. आता १४२८५७ × ७ = ९९९९९९ हे आठवा. म्हणजे १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार ९९९९९९ × २०४०८ एवढा झाला. त्यात एकदा १४२८५७ मिळवले की वर्ग तयार होतो, आणि दहा लाखांच्या जागी २०४०८ बसून मागे १४२८५७ − २०४०८ = १२२४४९ उरतात. तुकड्यांची बेरीज मूळ संख्या येणे आता अटळ आहे.

९९९९९९ चे ७ आणि १४२८५७ असे दोन सहमूळ अवयव पडतात, त्यातून हे सगळे निघते. त्याच जोडीतून आणखी एक संख्या निघाली पाहिजे आणि ती निघते : ८५७१४३. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९ आणि ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३. दोन्ही वर्गांचे शेपूट एकच आहे, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. नऊनऊच्या संख्येचे सहमूळ अवयवांत केलेले तुकडे आणि कापरेकर संख्या यांचा हा संबंध डग्लस इआनूची यांनी २००० साली सर्वसाधारण रूपात सिद्ध केला. देवळालीच्या शिक्षकाने गंमत म्हणून वेचलेल्या संख्यांची रचना असते, हे असे कळले.

पुढचे दोन गुण मी मुद्दाम कापरेकरांच्याच वर्गवारीतून घेतले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७ आणि १४२८५७ = २७ × ५२९१. संख्या हर्षद आहे. हे सकारण आहे : दोन अर्ध्या मिळून ९९९ होतात म्हणून अंकांची बेरीज २७ यावीच लागते, ९९९९९९ ला २७ ने भाग जातो, आणि त्यातून ७ काढून घेतल्याने २७ ला धक्का लागत नाही.

दुसरा गुण 'स्वयंभू' असण्याचा. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते : २३ पासून २३ + २ + ३ = २८. ज्या संख्येला असा कोणीच जनक नाही, ती कापरेकरांच्या भाषेत स्वयंभू किंवा 'देवळाली' संख्या. १४२८५७ ला जनक आहे का? सहा अंकांची बेरीज ५४ पेक्षा जास्त होत नाही. शिवाय १४२८५७ ही नऊच्या पटीत असल्याने जनकही नऊच्या पटीत हवा. म्हणजे उमेदवार सहाच : १४२८४८, १४२८३९, १४२८३०, १४२८२१, १४२८१२ आणि १४२८०३. त्यांच्यापासून अनुक्रमे १४२८७५, १४२८६६, १४२८४८, १४२८३९, १४२८३० आणि १४२८२१ जन्मतात. १४२८५७ कोणापासूनच नाही. ती स्वयंभू आहे.

कापरेकर संख्या, हर्षद आणि स्वयंभू, अशा तिन्ही पदव्या एकाच संख्येला मिळाल्या, हे वाचून 'अद्भुत' म्हणायचा मोह होतो. समीक्षकाने इथेच थांबून निवड करायची असते. पहिल्या दोन पदव्यांचे कारण सातच्या भागाकारात सापडले. तिसरीचे तिथे काही कारण दिसत नाही. दर दहा संख्यांत सुमारे एक स्वयंभू असते, त्यांत ही एक पडली. तो योगायोग आहे. या संख्येपुरता हा गुण चित्रकाव्यात जमा करावा. संख्येची थोरवी वाढवण्यासाठी तो वापरू नये.

पाया बदलला तर

एक शंका उरते. हे सगळे आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून तर नव्हे? शंका रास्त आहे. आमच्या अकोल्याच्या बैठकीत एक वयोवृद्ध अडते येतात. कापसाच्या हिशेबात त्यांची हयात गेली. ही संख्या फळ्यावर मांडली तेव्हा ते म्हणाले, "साताचा भाग आमच्या हिशेबात कधी पुरा बसतच नव्हता जी." आणे-पैच्या जगात ते खरेच होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, एकूण १९२ पै. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा यांचे वाटे बिनबोभाट पडतात. सात भागीदार झाले की प्रत्येकी दोन आणे तीन पै, आणि तीन पै शिल्लक. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा सातचा वाटा चौदा पैसे झाला आणि दोन पैसे उरले. आपल्या संख्येचे पहिले दोन अंक त्या चौदा पैशांत आहेत. आण्यांच्या हिशेबात मात्र तिचा मागमूस नव्हता.

आठाच्या पायावर मोजणाऱ्या जगात एक सप्तमांश ०.१११... असा दिसेल. रिंगण नाही, फेरा नाही. सोळाच्या पायावर २, ४, ९ हे तीनच अंक फिरत राहतील. तेव्हा १४२८५७ ही विश्वाची गुरुकिल्ली आहे असे मानणाऱ्यांना येथे थांबावे लागते. सात आणि दहा यांच्या भेटीतून ती उपजली आहे. दुसऱ्या पायावर हे अंक राहत नाहीत.

पण अंक गेले तरी नियम जात नाही. 'बाक्या सगळ्या एका फेरीत येतात की तुकड्यातुकड्याने' हा प्रश्न प्रत्येक पायावर आणि प्रत्येक मूळ संख्येसाठी उभा राहतो. तेरापाशी दहाच्या पायावरही फेरा तुटतो : ०७६९२३ आणि १५३८४६ अशी दोन रिंगणे होतात. सतराला पुन्हा सोळा अंकांचा पूर्ण फेरा मिळतो : ०५८८२३५२९४११७६४७. मात्र त्याच्या तोंडाशी शून्य आहे. दहाहून मोठ्या मूळ संख्येचा व्यस्त एक दशांशाहून लहान असल्याने हे शून्य टळत नाही. म्हणून दहाच्या पायावर शून्याने सुरू न होणारे असे पूर्ण रिंगण एकट्या सातचेच आहे.

कापरेकरांचे काम

या निवडीनंतर कापरेकरांकडे वळू. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाणे आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. संशोधकाची पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. ६१७४ या संख्येचा गुण त्यांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत सांगितला आणि पुढे 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापला. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या मांडणीतून चढती वजा करा. तेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि ते जगाला माहीत झाले.

आपल्याकडे त्यांच्यावर लिहिले जाते ते बहुधा इथेच संपते : परदेशी मासिकाने दखल घेतली, म्हणून ते मोठे. ही समीक्षा नाही. यात हार्डींच्या प्रश्नाला उत्तर नाही आणि कापरेकरांच्या कामात काय टिकते, काय टिकत नाही याचाही विचार नाही. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांच्या संग्रहात दोन्ही प्रकार आहेत. १११११११११ च्या वर्गासारख्या त्यांच्या 'डेम्लो' संख्या, उदाहरणार्थ १११११११११² = १२३४५६७८९८७६५४३२१, गतप्रत्यागत श्लोकाच्या कुळातल्या आहेत. देखण्या आहेत आणि हातचा न ठेवता बेरीज होते तोवरच त्यांचे देखणेपण टिकते. कापरेकर संख्यांच्या मागे मात्र अवयवांची खरी रचना निघाली. ६१७४ मध्यावर कुठेतरी आहे : तीन अंकांना ४९५ मिळते, पण दोन वा पाच अंकांना असा एकच विसावा मिळत नाही. तो का मिळत नाही, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

त्यांनी संख्यांना नावे दिली, याचेही मोल करायला हवे. हर्षद, स्वयंभू, रेल्वेस्थानकावरून पडलेले डेम्लो, राहत्या गावावरून देवळाली. नाव दिले की विखुरलेल्या संख्यांचा वर्ग होतो आणि वर्ग झाला की 'यात आणखी कोण?' असे विचारता येते. इआनूचींना सिद्ध करण्यासारखे काही मिळाले, ते आधी कोणीतरी वेचून वेगळे काढले होते म्हणून. सिद्धता देणारा मोठाच. पण वेचणाऱ्याशिवाय त्याच्यासमोर प्रश्नच आला नसता.

उरलेला प्रश्न

हार्डींचा आक्षेप होता की अशा गमतींतून पुढे काही निघत नाही. १४२८५७ पुरते याचे उत्तर देता येते. शंभराच्या आत २५ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी दहाच्या पायावर पूर्ण फेरा देणाऱ्या नऊ : ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? १८०१ सालच्या आपल्या ग्रंथात गाउसने दशांश आवर्तांचा सविस्तर विचार केला होता. १९२७ साली एमिल आर्टिन यांनी अंदाज मांडला, की अशा संख्या अनंत आहेत आणि शंभर मूळ संख्यांमागे त्यांचे प्रमाण सुमारे ३७ पडेल. ख्रिस्तोफर हूली यांनी १९६७ साली तो सिद्ध केला, पण रीमान यांच्या गृहीतकाचे व्यापक रूप खरे मानून. गृहीतकाविना, दहाच्या पायासाठी, तो आजही सिद्ध झालेला नाही.

म्हणजे सहावीच्या मुलाच्या वहीतला १ भागिले ७ हा हिशेब चालत चालत अशा प्रश्नापाशी जातो, ज्याचे उत्तर पृथ्वीवर कोणाजवळ नाही. मम्मटाच्या भाषेत, वाच्य अर्थ सहा अंकांचा आहे आणि व्यंग्य सगळ्या मूळ संख्यांच्या स्वभावाबद्दलचे आहे. याला मी उत्तम काव्याच्या रांगेत बसवतो.

आपल्या गणितरंजनाच्या लेखनाकडून यानंतर एक अपेक्षा ठेवतो. नवल जरूर सांगावे, पण त्याच पानावर भागाकारही मांडावा, आणि एखादा गुण योगायोगाचा असेल तर तसे लिहावे. वर्गात नवल दाखवून टाळ्या घेणे सोपे आहे. बाक्या १, ३, २, ६, ४, ५ फळ्यावर लिहून 'आता तेराचे करा' म्हणणे थोडे कष्टाचे आहे. पण तेराचा फेरा तुटलेला पाहून मुले 'असे का?' म्हणून विचारतील आणि तिथून पुढचा धडा सुरू करता येईल.